बॅटरी बदलण्याआधी गळती शोधणारा इलेक्ट्रिशियन

चार महिने पुण्यास मुलीकडे राहून वडोदऱ्यास परतलो, तेव्हा गाडीची बॅटरी निकामी झाली होती. एका दुकानाने काहीही न तपासता नवी बसवून दिली आणि ती आठ दिवसांत उतरली. त्यानंतर दांडिया बाजाराजवळच्या या इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी गाडी बंद व कुलूपबंद करून, सर्व यंत्रणा शांत होईपर्यंत अर्धा तास थांबून बॅटरीतून वाहणारा प्रवाह मोजला. सर्वसाधारणपणे तो ५० मिलिअँपिअरच्या आत हवा, तो तब्बल ३०० निघाला. मग एकेक फ्यूज काढत गेल्यावर दोष सापडला तो नंतर बसवलेल्या म्युझिक सिस्टिमच्या चुकीच्या जोडणीत. इतक्या गळतीने ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत रिकामी होते, हे त्यांनी कागदावर मांडून दाखवले. तीच बॅटरी रात्रभर मंद चार्ज केल्यावर १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज, दाखवू लागली. नवी विकण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही, याचे मला फार मोल वाटते. कामाला दोन दिवस लागले आणि पावती मागून घ्यावी लागली, एवढीच उणीव. यापुढे गावी जाताना बॅटरीचे ऋण (वजा खुणेचे) टर्मिनल सोडवून ठेवण्याचा त्यांचा सल्ला मी पाळणार आहे.