स्टेशिया: वखारींचे अवशेष पाहायला जावे असे बेट

वेंगुर्ल्याची पडकी डच वखार जवळून पाहिलेल्या बेळगावकराला सिंट युस्टेशियस लगेच कळेल. कॅरिबियनमधल्या या डच बेटाला तिथले लोक स्टेशिया म्हणतात. आकार जेमतेम 21 चौरस किलोमीटर, पण अठराव्या शतकात या करमुक्त बंदरात वर्षाला हजारो जहाजे लागत. इंग्रज आणि फ्रेंचांनी आपापल्या वसाहतींना परक्यांशी व्यापाराची बंदी घातली होती. म्हणून साखर, कापड, बंदुकीची दारू, इतकेच काय गुलाम केलेली माणसेही इथे विकली जात.

16 नोव्हेंबर 1776 रोजी इथल्या फोर्ट ओरान्ये किल्ल्याने ‘अँड्र्यू डोरिया’ या, इंग्रजांविरुद्ध बंड केलेल्या अमेरिकनांच्या जहाजाने दिलेल्या तोफांच्या सलामीला तोफांच्याच सलामीने उत्तर दिले. इंग्रजांनी हे मनात ठेवले. 3 फेब्रुवारी 1781 ला त्यांच्या ॲडमिरल रॉडनीने बेट घेतले, वखारी लुटल्या आणि डच झेंडा तसाच फडकत ठेवून बेसावध येणारी जहाजेही धरली.

किल्ला आधी पाहावा, मग जुन्या दगडी वाटेने खाली किनाऱ्यावर उतरावे. तिथे वखारींच्या भिंती अर्ध्या जमिनीवर, अर्ध्या पाण्यात आहेत. त्यांतल्या बारीक पिवळट विटा नीट बघा: जहाजाच्या तळाशी वजन म्हणून हॉलंडहून भरून आणलेल्या आहेत. वर गावात 1739 चे होनेन दालिम हे ज्यूंचे प्रार्थनास्थळ आहे; छप्पर नाही, भिंती डागडुजी करून राखल्या आहेत.

क्विल हा 601 मीटरचा निद्रिस्त ज्वालामुखी सकाळीच चढावा. काठापर्यंत तासाभराची वाट, पण आत विवरात उतरताना ओल्या दगडांवर पाय घसरतो. चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. पांढऱ्या वाळूत लोळायचे असेल तर हे बेट घेऊ नका. झीलँडिया किनारा देखणा आहे, पण पाण्याची ओढ जबर; तिथे पोहू नये.

प्रवास बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबई किंवा दिल्ली, पुढे ॲम्स्टरडॅम, मग जवळचे सिंट मार्टेन बेट आणि शेवटी छोट्या विमानाने वीसेक मिनिटे. घोळ होतो तो या शेवटच्या टप्प्यात. तिकीट वेगळे काढले आणि मोठे विमान उशिरा आले, तर छोटे विमान थांबत नाही. म्हणून सिंट मार्टेनला एक रात्र राखून ठेवा, आणि सामानाच्या वजनाची मर्यादा तिकीट काढतानाच बघा. अमेरिकेमार्गे गेल्यास नुसते विमान बदलायलाही तिथला व्हिसा लागतो. डच कॅरिबियनचा व्हिसा युरोपच्या शेंगेन व्हिसापेक्षा वेगळा असतो. आपल्याला कोणता लागू आहे ते दूतावासाकडून लेखी घ्या.

चलन अमेरिकी डॉलर, वीज 110 व्होल्ट. मोबाइलचा चार्जर चालतो, आपली 230 व्होल्टची पाणी तापवायची किटली धड तापत नाही. किराणा बहुतेक जहाजाने येतो, त्यामुळे शाकाहाऱ्यांनी मेतकूट आणि भाजणीची सीलबंद पाकिटे बरोबर न्यावीत आणि मुक्काम शक्यतो स्वयंपाकघर असलेल्या ठिकाणीच करावा.