परसबागेसाठी घेतलेला विजेचा टिलर : वर्षभराचा अनुभव

ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी आमच्या सोसायटीची छोटी भाजीबाग आहे. तिच्यासाठी गेल्या वर्षी आम्ही १४०० वॅटचा, विजेवर चालणारा टिलर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे यंत्र, घेतला. ज्या वाफ्यांना कुदळीने अख्खी सकाळ लागत असे, ते आता अर्ध्या तासात भुसभुशीत होतात आणि ज्येष्ठ सभासदांची पाठही वाचते, हे मला फार मोलाचे वाटते. मुरमाड, कडक जमिनीवर मात्र तो उसळतो. तिथे आदल्या दिवशी हलके पाणी देऊन, माती वाफशावर (ओलसर, पण हाताला न चिकटणारी) आल्यावर, दोन फेऱ्यांत थोडे थोडे खोल जावे.

खरी काळजी विजेची घ्यावी लागते. हे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे ६ अँपिअर वीज घेते, त्यामुळे घरातली बारीक एक्स्टेंशन वायर तापते, आम्ही १.५ चौरस मिलिमीटरची तीन तारांची केबल आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा सुरक्षा-स्विच) बसवून घेतला. केबल नेहमी खांद्यावरून मागे ठेवावी, बंद बूट घालावेत आणि पावसात किंवा चिखलात यंत्र मुळीच चालवू नये.

पात्यांत मुळे अडकली की आधी प्लग काढावा, मगच हात घालावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. काम संपल्यावर यंत्रावर पाण्याचा पाइप सोडू नये, ब्रशने माती काढून पात्यांना तेलाचा हात द्यावा, कारण आपल्याकडच्या दमट हवेत गंज फार लवकर चढतो. सोबतची माहितीपुस्तिका मराठीत नाही, ही मोठी उणीव आहे. आमच्या माळीदादांना प्रत्येक सूचना समजावून सांगावी लागली.