दोन दशावतारी आणि एक बाकडं

कुडाळ-सावंतवाडीकडे जत्रेत रात्र जागवलेल्यांनी हे दोन अंकी नाटक चुकवू नये. सत्तरी ओलांडलेले दोन दशावतारी, म्हणजे दशावतार या कोकणातल्या लोकनाट्याचे नट. एक राजापार्टी, राजाची भूमिका करणारा; दुसरा स्त्रीपार्टी, बाईची भूमिका करणारा. आधी रंगपट, म्हणजे नटांची रंगायची जागा, मग आख्यान, म्हणजे पौराणिक कथेचा मुख्य खेळ. एवढ्या एका रात्रीत सगळं घडतं.

दशावतारात संवाद लिहून दिलेले नसतात. कथानक ठरलेलं असतं, बोलणं रंगमंचावरच सुचायला हवं. प्रॉम्प्टरही नसतो. त्यामुळे अडलेल्याला बाहेर काढायचं ते समोरच्या नटानेच. नाटककाराने मैत्री दाखवलीय ती नेमकी इथे. राजा अडखळतो, तशी राणी म्हणते, "स्वामी, शत्रूचा तळ कुठे पडला ते सांगायचं राहिलंच की!" प्रेक्षकांना तो प्रश्न वाटतो, राजाला त्यातून पुढचं वाक्य मिळतं. दुसऱ्या अंकात हा आधारही पुरत नाही. राजाची प्रमाण मराठी सुटते आणि तो मालवणीत विचारतो, "काय इचारलंस रे?" शालू नेसलेल्या राणीला 'रे'! लेखनातली सगळ्यात ताकदीची जागा ही.

दशावतारी आपला चेहरा आपणच रंगवतो. स्त्रीपार्टी करंगळी गालावर टेकवून हात स्थिर करतो, तरी भुवईची रेघ दोनदा फिसकटते. मित्र काही न बोलता आरसा जवळ धरतो. हा प्रवेश अजिबात घाईत उरकलेला नाही, हे फार बरं झालं.

खटकतं ते पार्श्वसंगीत. पेटी, मृदंग, झांज रंगमंचावर असताना हळव्या प्रसंगी रेकॉर्डेड बासरी कशाला? राजाच्या थांबण्याला मृदंगवाला थाप देऊन सांभाळतो. रेकॉर्डिंग थांबत नाही, नटालाच त्याच्यामागे धावावं लागतं. कॉलर माइकही काढावेत. दागिन्यांना घासून त्यांची खरखर येते आणि पदातले शब्द बुडतात. बाकड्याला सिंहासनासारखं सजवलंय, तेही नको होतं. साधं बाकडंच दशावतारात सिंहासन होतं, रथ होतो, डोंगरही होतो.

प्रकाशयोजना ठीक. शेवटचा दहीकाला मात्र सुरेख: हंडी दिसत नाही, विंगेतून फुटल्याचा आवाज तेवढा येतो, आणि दोघे बाकड्यावर बसून एकमेकांच्या कपाळावरचा रंग पुसत असतात. तिकीट पुढच्या पाच-सहा रांगांतलंच काढा, भुवईची ती रेघ मागून दिसणार नाही.