डायलिसिसवरील रुग्णासाठी लोह: गोळीतून की शिरेतून?
हिमोडायलिसिसच्या, म्हणजे यंत्रातून रक्त शुद्ध करण्याच्या, प्रत्येक सत्रात थोडे रक्त वाया जाते. सत्र संपल्यावर डायलायझरच्या (रक्त गाळणाऱ्या भागाच्या) तंतूंत उरलेली लालसर छटा हा त्याचाच पुरावा. त्यात लोहाचा साठा रिता असेल, तर तांबड्या रक्तपेशी वाढवण्यासाठी इंजेक्शनने दिलेले एरिथ्रोपोएटिनही निष्प्रभ ठरते.

गोळी स्वस्त आणि सोपी. परंतु मूत्रपिंडाच्या या आजारात यकृतात तयार होणारे हेपसिडिन हे संप्रेरक वाढलेले असते व ते आतड्यातून रक्तात जाणाऱ्या लोहाची वाट अडवते. बद्धकोष्ठतेला कंटाळून अनेकजण गोळ्या मध्येच सोडतात, हे वेगळेच.

शिरेतून द्यायचे गडद तपकिरी आयर्न सुक्रोज डायलिसिसच्या नळीतूनच सोडता येत असल्याने जादा सुई टोचावी लागत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील पिव्होटल चाचणीत महिन्याला ४०० मिलिग्रॅम लोह आगाऊ, म्हणजे साठा घटण्याची वाट न पाहता, दिलेल्या गटाला एरिथ्रोपोएटिनसारखी औषधे कमी लागली. मात्र फेरिटिन (शरीरातील लोहसाठ्याचे माप) ७०० मायक्रोग्रॅम प्रतिलिटरच्या किंवा ट्रान्सफेरिन संपृक्तता (रक्तातील लोहवाहक प्रथिन लोहाने किती भरले आहे ते) ४० टक्क्यांच्या वर गेल्यास तेथेही लोह थांबवले जात होते, आणि अंगात जंतुसंसर्ग सक्रिय असताना ते लांबणीवर टाकणेच शहाणपणाचे. एकंदरीत हिमोडायलिसिसमध्ये माझा कल शिरेकडे आहे. पोटाच्या डायलिसिसमध्ये, जिथे रक्ताची नळी आयती हाताशी नसते, तिथे गोळीला आधी संधी देणे गैर नाही.