निफाडची थंडी, सहा जणांच्या आंघोळी आणि 30 लिटरचा बंब

नाशिक जिल्ह्यात निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो. 2018 च्या डिसेंबरअखेर तो 2 अंशांच्याही खाली उतरला होता. अशा पहाटे द्राक्षबागेत मणी तडकू नयेत म्हणून शेकोट्या पेटतात, आणि त्याच वेळी घरात पहिली बादली लागते. आधी धारा काढणारा, मग शाळेची पोरं, ऊन वर आल्यावर म्हातारी माणसं. सहा जणांच्या घराला हे पाणी पुरवायला बाजारात सध्या दोन तऱ्हेचे बंब मिळतात: तोटीचा तांब्याचा, आणि वरून थंड ओतलं की चोचीतून गरम येणारा पत्र्याचा किंवा स्टीलचा, ज्याला हल्ली सगळे देशी गिझर म्हणतात.

आधी तांब्याचा. नाशिकच्या भांडी बाजारात किंवा पुण्याच्या तांबट आळीत गेलात की पहिल्यांदा नजर जाते ती बाहेरच्या चकाकीवर आणि ठोक्यांच्या नक्षीवर. त्याचा पाणी तापण्याशी काही संबंध नाही. बंब उलटा करा, मोबाईलची बॅटरी लावा आणि मधल्या नळीत बघा. जळण वरून या नळीत पडतं, खाली जाळीवर पेटतं, राख ताटलीत जाते आणि पाणी नळीच्या भोवती असतं. म्हणजे सगळी कामगिरी नळीची. 30 लिटरच्या बंबाला 10 ते 12 सेंटिमीटर रुंदीची नळी ठीक. त्याहून अरुंद असेल तर जळण अडकतं आणि धूर खालून तोंडावर येतो. फार रुंद असेल तर जाळ सरळ वर निघून जातो, पाणी आपलं कोमटच.

नळी तळाला जिथे जोडलेली असते, तो बंबाचा सगळ्यात नाजूक भाग. तिथे पितळेचं पक्कं झाळकाम आहे की कथिल-शिशाचा साधा डाख, हे विचारून घ्या. साधा डाख 180-190 अंशांना वितळतो. मागे पाणी असेपर्यंत तांब्याचा पत्रा शंभराच्या फार वर जात नाही, म्हणून तो टिकतो. पाणी संपलं आणि जाळ चालू राहिला की पाच-दहा मिनिटांत सांधा सुटतो. ‘बंब गळायला लागला’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं, आणि दुकानदार त्याला वॉरंटी देत नाही. त्यात त्याचं चुकतही नाही. डाखात शिसं असू शकतं आणि आतून कल्हई नसते, म्हणून या पाण्याचा चहा किंवा भात करू नये. थंडीत मोह होतो, कारण पाणी आयतं तापलेलं असतं.

वजनाचा हिशेब नीट समजून घ्या, कारण तांब्याचा बंब किलोवर विकला जातो आणि वर मजुरी लागते. 30 लिटरच्या पिंपाला नळीसकट साधारण पाऊण चौरस मीटर पत्रा लागतो. तो 1 मिलिमीटर जाडीचा असेल तर नुसतं तांबं साडेसहा किलोच्या आसपास भरतं. पाच किलोच्या खाली भरलं तर पत्रा पातळ आहे, वर्षा-दोन वर्षांत पोचे पडतील. काटा करताना लोखंडी जाळी, पाय आणि राखेची ताटली बाजूला काढायला लावा. तांब्याच्या भावाने लोखंड विकत घेणारी गिऱ्हाइकं अजून भेटतात.

मग गळती तपासायची. दुकानातच बंब काठोकाठ भरा, खाली कोरडा पेपर अंथरा आणि वीस मिनिटं थांबा. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान बघा. तोटी तळापासून चार-पाच सेंटिमीटर वर असायला हवी, म्हणजे ती पूर्ण उघडी राहिली तरी तळ कोरडा पडत नाही. याचा दुसरा अर्थ असा की तीन-चार लिटर पाणी कधीच बाहेर येत नाही. 30 चा बंब हातात 26 च देतो. तोटी खूप खाली लावून ‘पूर्ण 30 लिटर मिळतं’ असं सांगणारा बंब घेऊ नका.

आता आंघोळींचं गणित. छपरावरच्या प्लॅस्टिकच्या टाकीतलं पाणी पहाटे 12 अंशांवर आलेलं असतं. बंबातलं 65 अंशांचं घेऊन 15 लिटरची बादली 40 अंशांची करायची तर सुमारे 8 लिटर गरम पाणी लागतं. म्हणजे एका भरणीत तिघं होतात, चौथ्याला पुरत नाही. सहा जणांसाठी युक्ती एवढीच: प्रत्येक बादली काढली की लगेच तेवढंच पाणी वर ओतायचं आणि मूठभर काटक्या नळीत सोडायच्या. बंब रिकामा व्हायची वाट बघितली तर चौथ्याला पाऊण तास थांबावं लागतं, आणि तो चौथा बहुधा शाळेचा मुलगा असतो. विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी थंडीतही 22-24 अंशांचं असतं. पहाटे लाईट असेल तर टाकीऐवजी तेच भरा, जळण साधारण पाचव्या हिश्शाने वाचतं.

जळण किती लागतं? पहिली भरणी 65 अंशांवर यायला चाळीसेक मिनिटं आणि सव्वा ते दीड किलो कोरडं लाकूड. सहाही जणांचं दोन-सव्वादोन किलोत आटोपतं. या भागात द्राक्षवेलींच्या एप्रिलच्या खरड छाटणीच्या काड्या डिसेंबरपर्यंत कडकडीत वाळतात. वीतभर लांबीचे तुकडे करून ठेवले तर यापेक्षा सोयीचं जळण नाही. खानदेशात कापसाच्या पऱ्हाट्या, मराठवाड्यात तुरीच्या तुराट्या हेच काम करतात. दाणे काढलेली मक्याची कणसं झकास पेटतात, पण लवकर विझतात. उसाचं पाचट नुसतं भडकतं आणि नळी काजळीने भरून टाकतं. गोवरी धूर करते, पण पाणी तापल्यावर एक गोवरी सोडून दिली की तासभर ऊब धरते. फवारणी झालेल्या ताज्या काड्या मात्र जाळू नका. नळी दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. ठासून भरली की हवा बंद होते, आणि मग फुंकणीने डोळे लाल करून घ्यायचे.

तांब्यात पाणी लवकर तापतं, हे दुकानातलं वाक्य अर्धंच खरं आहे. तांबं उष्णता स्टीलच्या कितीतरी पट लवकर वाहून नेतं, हे बरोबर. पण अडथळा धातूचा नसतोच. नळीच्या आत काजळी आणि पाण्याच्या बाजूला क्षार बसले की तांब्याचा सगळा मोठेपणा त्या थरात अडकतो. काठीला गोणपाट किंवा काथ्या बांधून आठवड्यातून एकदा नळी घासा. बोअरचं पाणी जड असेल तर महिन्या-दीड महिन्यात तापताना आतून किटकिट आवाज यायला लागतो, तो क्षारांचा. पाव किलो लिंबूसत्व बंबभर कोमट पाण्यात विरघळवून दोन तास ठेवा, ओतून द्या, तीनदा धुवा. संडास साफ करायचं अॅसिड कुणी सुचवलं तरी वापरू नका. ते डाख खातं आणि जस्ताचा पत्रा असेल तर त्याची चाळणच करतं.

देशी गिझरकडे वळू. याला तोटी नाही. नरसाळ्यात एक बादली थंड ओतली की चोचीतून एक बादली गरम बाहेर येते. पाण्याची पातळी कायम चोचीपर्यंत असते, म्हणून कोरडा जळण्याची भीती जवळजवळ नाही. विसराळू माणसांच्या घराला हाच बरा. खोट असते ती आतल्या पाईपात. नरसाळ्याचा पाईप तळापर्यंत, म्हणजे तळाच्या वर चार-पाच सेंटिमीटरवर संपायला हवा. स्वस्त मालात तो निम्म्यातच कापलेला असतो. थंड पाणी वरच मिसळतं आणि दुसऱ्याच बादलीला कोमट. दुकानात नरसाळ्यातून टेप सोडून पाईप किती खाली जातो ते मोजा, लाजू नका.

यात जस्ताचा पत्रा सगळ्यात स्वस्त. पण जड पाणी आणि रोजचा जाळ याने जस्त उडतं आणि नळी आतून गंजते. राख रोज काढली नाही तर दव पडून ओली होते, आणि ओल्या राखेचा खार तळ लवकर खातो. स्टील घ्यायचं तर 304 ग्रेडचं घ्या. चुंबक चिकटत नाही म्हणजे भारी स्टील, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका; 202 ला पण चुंबक चिकटत नाही आणि त्याचे वेल्डिंगचे सांधे आधी गंजतात. बिलावर ग्रेड लिहून मागा.

विजेचा गिझर असताना बंब कशाला, हा प्रश्न शहरातून येतो. 2 किलोवॅटचा 15 लिटरचा गिझर पाणी 15 वरून 60 अंशांवर न्यायला 230 व्होल्टवर 24 मिनिटं घेतो. पहाटे वस्तीवर व्होल्टेज 180 ला आलं की त्याच कामाला 38-39 मिनिटं लागतात, लाईट टिकली तर. सोलर चांगलाच, फक्त टाकीपासून न्हाणीपर्यंतच्या पाईपातलं गार पाणी आधी सोडून द्यावं लागतं आणि दोन दिवस ढगाळ गेले की बंबच पेटवावा लागतो. ज्यांना परवडतं त्यांनी दोन्ही ठेवावेत.

बसवताना दोन गोष्टी. तोटीखाली बादली उभी राहायला हवी, म्हणून तोटी जमिनीपासून दीड फुटावर येईल एवढा ओटा बांधा. पोरं हात लावतात, तेव्हा जायच्या-यायच्या वाटेवर नको. आणि बंब बंद न्हाणीत किंवा झोपायच्या खोलीत कधीही नको. उघडी पडवी किंवा अंगण. धूर दिसतो तोवर माणूस सावध असतो. धूर संपून नुसते निखारे राहिले की कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग, आणि खोली ऊबदार लागते म्हणून कुणी दारही उघडत नाही.

नव्याची किंमत जड वाटत असेल तर जुना जाड पत्र्याचा तांब्याचा बंब शोधा. घरोघरी माळ्यावर पडलेले असे बंब मोडीत निघतात. पिंप धड असेल आणि फक्त नळी गेली असेल तर तांबटाकडून नवी नळी बसवून घ्या, तोटी पितळेची नवी घ्या. व्यवहार करताना विकणारा बंबाच्या मोडीच्या भावातून घट किती धरतोय ते आधी ठरवा, काट्यावर चढवल्यानंतर नाही.