औषधाच्या फ्रिजसाठी प्रोबवाला डिजिटल थर्मामीटर: घ्या, पण नुसता लटकवू नका

गोळे कॉलनीतल्या घाऊक औषध बाजारातून थर्माकोलच्या डब्यात आणलेलं इन्सुलिन नाशिकच्या अनेक छोट्या नर्सिंग होममध्ये शेवटी घरगुती सिंगल डोअर फ्रिजमध्येच जातं. त्याच्या नॉबवरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत. म्हणून हा थर्मामीटर हवाच: आत प्रोब (वायरच्या टोकाचा तापमान मोजणारा सेन्सर), बाहेर स्क्रीन, कमाल-किमान नोंद, तापमान २ ते ८ अंशांबाहेर गेलं की बीप.

पैसे वसूल होतात ते किमानच्या बटणावर. गोठून वितळलेलं इन्सुलिन पुष्कळदा दिसायला ठीकच असतं, पण ते फेकायचंच. हिपॅटायटिस बी आणि टीडीच्या (धनुर्वात-घटसर्प) लशींचंही तेच. उन्हाळ्यात वाढवलेला नॉब डिसेंबरात तसाच राहतो. निफाडकडचा गारठा शहरात उतरला की फ्रीझरखालचा कप्पा रात्री शून्याखाली जाऊ शकतो. सकाळी नऊला स्क्रीनवर ४ दिसतं नि सगळे निवांत. किमान दाबा, रात्रीचा उद्योग बाहेर येतो.

खोडी प्रोबची. हवेत लोंबकळत ठेवला तर दार उघडताच आकडा उडी मारतो, बीपला वैतागून कुणीतरी अलार्मच बंद करतं. १० मिलीची रिकामी व्हायल (इंजेक्शनची छोटी बाटली) ग्लिसरीनने भरा, प्रोब त्यात बुडवा, व्हायल मधल्या कप्प्यात भिंतीला न टेकता ठेवा. वायर बिजागरीच्या बाजूने घ्या. हँडलकडून घेतली की दाराच्या रबरी गॅस्केटला फट राहते आणि आत बर्फ साचतो.

आकड्यावर डोळे मिटून विश्वास नको. बर्फाचा चुरा नि थोडं पाणी यांत प्रोब दहा मिनिटं धरा, ० यायला हवं. ०.८ आलं तर तेवढं वजा करायचं, असं स्टिकर स्क्रीनखाली लावा.

खरी उणीव वेगळीच: कमाल १०.२ दिसलं, पण ते पाच मिनिटं होतं की लाइट गेल्यापासून चार तास, हे यंत्र सांगत नाही. लशी ठेवणाऱ्यांनी सरळ डेटा लॉगर, म्हणजे तापमान वेळेसकट सतत नोंदवणारं यंत्र, घ्यावा. बाकीच्यांनी सकाळ-संध्याकाळ वहीत नोंद करून लगेच रीसेट करावं, नाहीतर गेल्या आठवड्याचाच आकडा रोज उतरवला जातो. त्याच वेळी आधी एक्सपायर होणारे खोके पुढे ओढा, खरेदी नंतरची असली तरी.

दारातल्या कप्प्यात व्हायल नकोत. तिथे पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, लाइट गेल्यावर गारवा टिकतो. फक्त वर ‘पिण्यासाठी नाही’ लिहा, नाहीतर दुपारपर्यंत रिकाम्या.