रंगीत बेल्ट की बिनबेल्टचा सराव?

जपानच्या ओकिनावा बेटावर पूर्वी कराटेला बेल्टच नव्हते. गुरू एकच काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, वर्षानुवर्षं घोटून घ्यायचे. कोण किती तयार झालाय, ते त्याच्या उभं राहण्यातच दिसायचं. १९२४ साली कराटेगुरू फुनाकोशींनी ज्युदोचे संस्थापक कानो यांची पद्धत घेऊन ब्लॅक बेल्ट द्यायला सुरुवात केली.

आज पांढऱ्यापासून तपकिरीपर्यंत रंगांची रांग आहे. आठ वर्षांचं पोर पहिला पिवळा बेल्ट बांधतं, तेव्हा गाठ मारताना त्याचे हात थरथरतात. तो आनंद खरा आहे, त्याच्या जोरावर बरीच मुलं क्लासला टिकतात. पण परीक्षा जवळ आली की सराव तेवढ्याच कातापुरता उरतो आणि झेनकुत्सु-दाचीतला, म्हणजे पुढचा पाय वाकवून उभं राहण्याच्या पवित्र्यातला, पुढचा गुडघा पुन्हा सरळ होतो. मोठ्यांसाठी मला जुनीच रीत पटते. मुलांना रंग द्यावेत, पण सावकाश.